जपानी लिपीचे संकेतन

जपानी मजकुरातील प्रत्येक चिन्हाला क्रमांक देऊन तो संगणकात बाइटांच्या रूपाने साठवण्याची पद्धत. जपानी वाक्यात हिरागाना व काताकाना या दोन उच्चारदर्शक लिपी आणि चिनी मुळाची कांजी चिन्हे शेजारी शेजारी येतात. एका बाइटात २५६ संकेत मावतात, कांजी मात्र हजारोंनी आहेत.

१९६९ च्या पहिल्या जपानी मानकाने कांजीला हातच लावला नाही. आस्की या इंग्रजी अक्षरांच्या मूळ संकेतनाने २५६ पैकी पहिले अर्धेच संकेत वापरले होते; वरच्या रिकाम्या अर्ध्या भागात काताकाना व विरामचिन्हे मिळून ६३ चिन्हे बसवली आणि ५सी (षोडशमान, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ या सोळा अंकांत लिहिलेला) या संकेतावरील बॅकस्लॅशच्या जागी येनचे चिन्ह आणले. जपानी विंडोजवर फोल्डरांच्या मार्गात दोन नावांच्या मधे येन दिसतो, तो तिथूनच आला.

कांजी आली १९७८ च्या जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) सी ६२२६ या मानकात (१९८७ पासून जेआयएस एक्स ०२०८). ९४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ९४ घरे असा हा तक्ता. रोजच्या वापरातील कांजी उच्चाराच्या क्रमाने, विरळ कांजी मूलघटकांच्या क्रमाने लावली. १९९० च्या आवृत्तीत कांजींची संख्या ६,३५५ झाली. त्यांत काही ‘यूरेई मोजी’, म्हणजे भुताटकीची अक्षरे, शिरली होती. ती कुठल्याच कोशात सापडत नव्हती. १९९७ च्या आवृत्तीसाठी त्यांचा माग काढला गेला. शिगा प्रांतातल्या एका गावाच्या नावात ‘पर्वत’ वर आणि ‘स्त्री’ खाली असे चिन्ह होते. ते कागदाचे दोन तुकडे जोडून तयार केले होते; जोडाची सावली कोणीतरी रेघ समजून उतरवली आणि नवेच अक्षर जन्मले. ते आजही युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतनात, आहे. मानकातून अक्षर काढले की जुन्या फाइली बिघडतात, त्यामुळे चूकही कायमची होते.

तक्ता एकच, पण तो बाइटांत उतरवण्याच्या रीती अनेक. हिरागानातील ‘आ’चे घर ओळ ४, घर २. ईमेलसाठी रूढ झालेल्या आयएसओ-२०२२-जेपीमध्ये तो २४ २२ होतो, युनिक्स यंत्रांवरच्या ईयूसीमध्ये ए४ ए२ आणि शिफ्ट-जेआयएसमध्ये ८२ ए०. एका रीतीने लिहिलेले दुसरीने वाचले, की पडद्यावर निरर्थक चिन्हांचा खच पडतो. याला जपानीत ‘मोजिबाके’ म्हणतात. फाइल उघडली पण फाँट नाही, हा अनुभव घेतलेल्या मराठी वाचकाला हे दृश्य ओळखीचे वाटेल; तिथे मात्र बहुधा इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार चढवलेले असत.

वैयक्तिक संगणकांवर शिफ्ट-जेआयएस सर्वाधिक पसरली आणि तिनेच प्रोग्रामरांना सर्वाधिक छळले. १९६९ ची काताकाना जागची हलवायची नाही, असे ठरवून कांजी उरलेल्या फटींत बसवल्यामुळे दुसरा बाइट आस्कीच्या हद्दीत येऊ लागला. ‘तक्ता’ या अर्थाची कांजी ९५ ५सी, ‘नो’ या पारंपरिक जपानी नाट्याच्या नावातली कांजी ९४ ५सी, काताकानातला ‘सो’ ८३ ५सी. अनेक प्रोग्रामिंग भाषांत ५सी म्हणजे बॅकस्लॅश, पुढच्या अक्षराचा अर्थ बदलणारी खूण. बेसावध प्रोग्राम तो बाइट गिळतो आणि पुढचा मजकूर विस्कटतो. जपानीत ‘सॉफ्टवेअर’ हा शब्दच या ‘सो’ने सुरू होतो.

आता बहुतेक नवा मजकूर युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ रीतीने लिहिला जातो. ‘आ’ तिथे ई३ ८१ ८२, म्हणजे देवनागरी अक्षरासारखाच तीन बाइटांचा. युनिकोडने चिनी, जपानी व कोरियन लेखनातील समान चिन्हांना एकच क्रमांक दिला. ‘सरळ’ या अर्थाची कांजी जपानी आणि चिनी फाँटांत वेगळी दिसते, क्रमांक मात्र एकच. चुकीचा फाँट लागला की जपानी वाचकाला ती परकी वाटते. उलट ताकाहाशी आडनावातल्या ‘ताका’ची शिडीसारखी दिसणारी रूपभिन्नता मूळ तक्त्यात नव्हती, तिला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक आहे.

सम्राटांच्या कालखंडांची नावे एकाच घरात लिहिणारी जोडचिन्हेही युनिकोडमध्ये आहेत. २०१९ मध्ये सुरू होणाऱ्या नव्या कालखंडासाठी एक घर आधीच राखून ठेवले होते. १ एप्रिलला ‘रेइवा’ हे नाव जाहीर झाले आणि मे महिन्यात युनिकोड १२.१ निघाली. तिच्यात एकच नवे चिन्ह होते.