श्रोता वाढला की बिल वाढते: इंटरनेट रेडिओ आणि रॉयल्टीची पार्श्वभूमी

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत नाटकांचे मंडप उभे राहतात आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या खेड्यांत रात्र-रात्र प्रयोग रंगतात. ते आवाज ऐकण्याची ओढ याच दिवसांत सर्वांत जास्त लागते ती पुण्याकडे कामाला गेलेल्या पोरांना. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ पासून विदर्भाच्या घराघरांत आहे, पण गावच्या मंडळाची दंडार, म्हणजे झाडीपट्टीतले पारंपरिक लोकनाट्य, हिंजवडीतल्या खोलीत पोहोचवायची तर मार्ग इंटरनेटचाच. एक संगणक, एक माइक आणि थोडे सर्व्हरभाडे एवढ्यावर तालुक्याच्या गावातूनही असा रेडिओ सुरू करता येतो. घोडे अडते ते गाण्यांच्या रॉयल्टीपाशी, म्हणजे गाणे वाजवल्याबद्दल हक्कदारांना द्यायच्या पैशांपाशी.

ही अडचण अमेरिकेत कशी उभी राहिली ते आधी पाहू. तिथे हवेतून चालणारा रेडिओ गीतकार-संगीतकारांना पैसे देतो, मात्र ध्वनिमुद्रणाच्या मालकाला आणि गायकाला काही देत नाही. १९९५ आणि १९९८ च्या कायद्यांनी डिजिटल प्रसारणासाठी हा दुसरा हक्क निर्माण केला, तेव्हा इंटरनेट रेडिओला दोन्हीकडे पैसे भरणे भाग पडले. त्यातले ध्वनिमुद्रणाचे पैसे तर नुसते गाण्यामागे नव्हे, प्रत्येक गाण्याच्या प्रत्येक श्रोत्यामागे. २००२ मध्ये लवादाने केवळ इंटरनेटवर चालणाऱ्या केंद्रांसाठी ०.१४ सेंटचा दर सुचवला. ओरड झाली, दर निम्म्यावर आला आणि छोट्या केंद्रांना उत्पन्नाच्या टक्केवारीत पैसे भरण्याची वाट त्याच वर्षी एका कायद्याने खुली झाली.

मार्च २००७ मध्ये तेथील कॉपीराइट रॉयल्टी मंडळाने जो निर्णय दिला त्याने मात्र धाबे दणाणले. २००६ साठी, म्हणजे सरून गेलेल्या वर्षासाठी, ०.०८ सेंट, २००७ साठी ०.११, आणि चढत चढत २०१० पर्यंत ०.१९ सेंट. सेंटाचे हे तुकडे दिसायला किरकोळ आहेत, म्हणून हिशेब मांडून पाहावा. तासाला १५ गाणी लागली आणि दिवसरात्र सरासरी १०० जण ऐकत राहिले, तर २००७ च्या दराने तासाला १.६५ डॉलर होतात आणि वर्षाचे बिल सुमारे १४,४५० डॉलरवर जाते. आकाशवाणीच्या मनोऱ्याखाली दहा माणसे असोत की दहा लाख, मनोऱ्याचा खर्च तोच. इथे मात्र कार्यक्रम लोकांना आवडला की चालवणारा बुडाला, असा हा उलटा हिशेब आहे. २६ जून २००७ रोजी अनेक केंद्रांनी दिवसभर शांतता पाळून निषेध केला. २००९ मध्ये तडजोड होऊन छोट्यांना पुन्हा टक्केवारीने पैसे भरण्याची सोय मिळाली. ती २०१५ अखेर संपली आणि हजारो हौशी वाहिन्यांना आसरा देणारे लाइव्ह३६५ पुढच्याच महिन्यात बंद पडले. वर्षभराने ते नव्या मालकाकडे पुन्हा सुरू झाले खरे, पण मधल्या काळात कितीतरी जणांनी आवरते घेतले.

भारतात गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. एफएम वाहिन्या आणि संगीत कंपन्या यांच्या दीर्घ भांडणात कॉपीराइट मंडळाने २०१० मध्ये निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के हा दर ठरवून दिला. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ३१-ड आले: प्रसारकाने आगाऊ सूचना द्यावी, ठरलेला दर भरावा आणि गाणे वाजवावे, मालकाच्या होकारासाठी हेलपाटे घालण्याची गरज नाही. इंटरनेटलाही हे लागू आहे, असे केंद्र सरकारच्या एका पत्रकाने २०१६ मध्ये म्हटले. परंतु टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक हे गाणी ऐकवणारे ॲप या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ते मानले नाही. कलमातील प्रसारण म्हणजे रेडिओ आणि दूरचित्रवाणीच, असा निकाल दिला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम केला. अमेरिकेतील केंद्रांची तक्रार दर चढा असल्याची होती. इथे छोट्याला कायद्याने ठरलेला दरच नाही. प्रत्येक मालकाशी किंवा त्यांच्या संस्थेशी स्वतंत्र बोलणी, आणि समोरचा सांगेल ती रक्कम. मोठ्या ॲपला ते झेपते. गावातल्या माणसाचा फोन तरी तिथे कोण उचलणार?

‘मग आपली लोकगीतेच वाजवू’ हे उत्तर वाटते तितके सोपे नाही. दंडारीतले पारंपरिक पद कोणाच्या मालकीचे नसले, तरी त्याची जी कॅसेट बाजारात आली तिच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे टिकतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने विदर्भातल्या गावोगावी खंजिरीवर म्हटली जातात, पण महाराजांचे निधन १९६८ चे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे या नियमाने त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या शब्दांवरील हक्क २०२८ अखेर संपेल. ज्याला आजच सुरुवात करायची आहे त्याने माइक घेऊन तालमीला जावे, पारंपरिक पदे स्वतः ध्वनिमुद्रित करावीत आणि मंडळातल्या प्रत्येक गाणाऱ्या-वाजवणाऱ्याची लेखी संमती त्याच रात्री घेऊन ठेवावी, कारण कलावंताचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्कही ५० वर्षांचा आहे.