व्हॅनेडियम पिवळं की निळं?

मुंबईत जिमच्या आसपासच्या सप्लिमेंटच्या दुकानांत व्हॅनेडिल सल्फेटच्या, म्हणजे व्हॅनेडियम या धातूच्या क्षाराच्या, कॅप्सूल मिळतात. ‘इन्सुलिनसारखं काम करतं’ असा त्यांचा दावा. तो हवेतून आलेला नाही, पण अर्धाच आहे. १० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये निव्वळ व्हॅनेडियम २ ते ३ मिलिग्रॅम भरतं. अमेरिकेत प्रौढांसाठी ठरवलेली दिवसाची वरची मर्यादा १.८ मिलिग्रॅम आहे. खनिज आहे म्हणजे निरुपद्रवी, हा समज सोडायला हवा.

अणुक्रमांक २३ असलेल्या या धातूची शरीरात दोन मुख्य रूपं: +५ (पाच इलेक्ट्रॉन गमावलेलं) म्हणजे व्हॅनडेट, +४ (चार गमावलेलं) म्हणजे व्हॅनेडिल. +५ आम्लात पिवळं दिसतं, +४ निळं. फरक एका इलेक्ट्रॉनचा, वागणूक मात्र अगदी वेगळी.

व्हॅनडेट दिसायला फॉस्फेटचा जुळा भाऊ. इन्सुलिन पेशीवरच्या आपल्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटलं की ग्राहीच्या टायरोसिन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट चढतात आणि संदेश आत जातो. ते फॉस्फेट उतरवून संदेश थांबवणारं एक एन्झाइम म्हणजे पीटीपी-१बी. त्याच्या खोबणीत २१५ क्रमांकाचं अमिनो आम्ल सिस्टीन आहे. सिस्टीनचा –SH गट म्हणजे थायॉल. एरवी थायॉल आपला हायड्रोजन सहज सोडत नाही. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू हायड्रोजन सोडतात तो आकडा) साधारण ८ च्या वर असतो. इथे तो ५.४ च्या आसपास आहे, म्हणून पेशीतल्या पीएचला हे गंधक ऋणभारित होऊन फॉस्फरसवर धडकायला तयार असतं. धडक बसताच फॉस्फरसभोवती क्षणभर पाच बंध होतात, मग फॉस्फेट सुटतो. व्हॅनडेट आत शिरला की तोही तसाच पाच बंधांचा आकार घेतो, पण सुटत नाही, बसूनच राहतो. एन्झाइम अडकतं, इन्सुलिनचा संदेश लांबतो. व्हॅनडेट धुऊन काढला तर एन्झाइम पुन्हा चालू होतं. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून पेरव्हॅनडेट केलं, तर मात्र गंधकाचं थेट –SO₃H होतं. तिथून परत येणं नाही.

पण पेशीत ग्लुटाथायोन हा थायॉल असलेला छोटा रेणू १ ते १० मिलिमोलर इतकं भरलेलं असतं. दोन ग्लुटाथायोन एकेक इलेक्ट्रॉन देऊन दोन व्हॅनडेटचं व्हॅनेडिल करतात आणि स्वतः डायसल्फाइड बंधाने जोडले जातात. ती जोडी फोडायला पेशी एनएडीपीएच हा इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू खर्चते. इकडे ऑक्सिजन मिळाला की व्हॅनेडिल इलेक्ट्रॉन सोडून पुन्हा व्हॅनडेट होतं; त्यात सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड तयार होतात. चक्र फिरत राहिलं की पेशीची गंगाजळी आटत जाते. विषारीपणाचं एक मोठं कारण हेच. एकट्या इलेक्ट्रॉनची चाहूल घेणाऱ्या ईएसआर यंत्रावर हा बदल उघड दिसतो: व्हॅनडेट गप्प, व्हॅनेडिलच्या आठ रेषा.

प्रयोगशाळेत याचा फटका नेहमी बसतो. तिथे नमुन्यातल्या प्रथिनांवरचे फॉस्फेट उतरू नयेत म्हणून बफरमध्ये व्हॅनडेट घालतात. २०० मिलिमोलर साठा करायचा तर ३.६८ ग्रॅम सोडियम ऑर्थोव्हॅनडेट ९० मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि पीएच १० वर आणा. आम्ल पडताच द्रावण पिवळं होतं; तो डेकाव्हॅनडेट, दहा व्हॅनेडियम अणूंचा गठ्ठा. रंग जाईपर्यंत उकळा, थंड करा, पीएच पुन्हा १०. पीएच टिकून द्रावण रंगहीन राहीपर्यंत हे करत राहा. मग १०० मिलिलिटर करून, छोट्या नळ्यांत भरून उणे २० अंशांवर ठेवा. वापरताना मिलिलिटरमागे ५ मायक्रोलिटर, म्हणजे १ मिलिमोलर. त्याच बफरमध्ये डीटीटी घातलं असेल तर सगळी मेहनत वाया: ते थायॉल आहे, व्हॅनडेटचं व्हॅनेडिल करून टाकतं. धातू पकडणारं ईडीटीए असेल तर तेही व्हॅनडेटला पकडून ठेवतं. फॉस्फेट उतरतात, जेलवरची पट्टी फिकी येते आणि दोष भलत्याच अँटिबॉडीवर जातो.

हेच क्षपण, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळून खालच्या अवस्थेत येणं, तोंडातही होतं. जड फर्नेस ऑइल जाळणाऱ्या बोटींच्या बॉयलरमधल्या राखेत व्हॅनेडियम पेंटॉक्साइड असतं. ती राख खरवडणाऱ्या कामगारांच्या जिभेवर हिरवट थर येतो: +५ व्हॅनेडियम तोंडात खालच्या अवस्थेत उतरून जिभेवर साठतं. काम थांबलं की दोन-तीन दिवसांत रंग जातो. धूळ तोंडात गेल्याची ती खूण असते. गोदीत बॉयलर उघडताना जीभ हिरवी दिसली, तर तिथला मास्क गळत असावा.