बर्मिंगहॅममध्ये कुठे जेवायचं, त्याआधीची गोष्ट

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमला शिकायला किंवा युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलात कामाला आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो, बाहेर जेवायला कुठे जायचं? चार नावं लगेच सांगता येतात. पण दोन लाख वस्तीच्या या शहरात बार्बेक्यूच्या बरोबरीने ग्रीक पद्धतीचा मासा का मिळतो, आणि जुन्या खाणावळींबद्दल इथली वयस्कर माणसं इतकं जपून का बोलतात, हे कळल्याशिवाय ती नावं नुसती यादीच राहतात.

हे शहर जुनं नाही. १८७१ मध्ये, दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात त्या जागी ते वसवलं गेलं. लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी ही तिन्ही आसपासच्याच टेकड्यांत होती, म्हणून लोखंडाच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. स्लॉसची भट्टी १८८२ मध्ये सुरू झाली आणि १९७१ पर्यंत चालली. खाणीतून आणि भट्टीवरून सुटलेल्या माणसाला झटपट, पोटभर आणि परवडेल असं जेवण हवं होतं. इथल्या बाहेरच्या खाण्याची सुरुवात त्या भुकेपासून झाली.

ती भूक भागवायला ग्रीक पुढे आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामाच्या शोधात आलेल्या ग्रीक तरुणांनी आधी फळांच्या गाड्या लावल्या, मग हॉटडॉगची दुकानं, मग कॅफे. एकाचा जम बसला की तो गावाकडून भावाला, पुतण्याला बोलावून घेई. शेजारच्या बेसेमर या पोलादाच्या गावात टॉम बॉन्डुरिस यांनी १९०७ मध्ये ‘ब्राइट स्टार’ काढलं. १९२५ पासून ते कोइकोस कुटुंबाकडे आलं. मेक्सिकोच्या आखातातला स्नॅपर मासा ऑलिव्ह तेल, लिंबू आणि ओरेगॅनो घालून करायची पद्धत अशा हॉटेलांतून शहरात रुजली. बाकीचं जेवण मात्र अमेरिकेच्या दक्षिण भागाचंच राहिलं, कारण गल्ल्यावर ग्रीक मालक असला तरी चुलीपाशी बहुतेक वेळा कृष्णवर्णीय बायका असत. चव त्यांच्या हातची होती आणि पाटीवर त्यांचं नाव कधीच नव्हतं. इथल्या खाण्याबद्दल लिहिताना हे आधी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

त्या दोघांच्या मेळातून आलेलं रोजचं जेवण म्हणजे ‘मीट अँड थ्री’: एक मांसाचा पदार्थ, तीन भाज्या आणि मक्याचा पाव. १९५७ पासून चालत आलेलं ‘निकीज वेस्ट’ शेतमालाच्या बाजाराजवळच आहे. ट्रे घ्यायचा, काउंटरवरून सरकवत न्यायचा आणि वाफाळत्या भांड्यांकडे बोट दाखवत भराभर सांगायचं: भेंडी, चवळीच्या जातीचे दाणे, कॉलर्डचा पाला, शिजवलेला भोपळा. मॅकरोनी-चीजही इथे भाजीतच मोजतात. शाकाहारी माणसाने मात्र प्रत्येक भांड्याबद्दल विचारून घ्यावं. कॉलर्ड आणि शेंगा डुकराच्या मांसाचा तुकडा टाकून शिजवायची रीत आहे.

आता वयस्कर माणसं जपून बोलतात, त्यामागची भिंत. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेचा लेखी नियम होता की गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना एकाच खोलीत जेवण वाढायचं असेल, तर मध्ये जमिनीपासून किमान सात फूट उंचीची भरीव भिंत हवी आणि दोन्ही बाजूंना रस्त्यावरून वेगवेगळे दरवाजे हवेत. चहाच्या टपरीवरच्या वेगळ्या कपाची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे निराळं समजावून सांगायला नको. भिंत बांधायचा खर्च कोण करणार? बहुतेकांनी एकाच रंगाची गिऱ्हाइकं बसवली आणि दुसऱ्यांना पुडकं बांधून दिलं.

३ एप्रिल १९६३ रोजी कृष्णवर्णीय तरुण शहराच्या मध्यवर्ती दुकानांतल्या लंच काउंटरवर जाऊन बसले आणि त्यांना अटक झाली. वंशभेदाविरुद्धच्या या आंदोलनाची खलबतं ए. जी. गॅस्टन या कृष्णवर्णीय उद्योजकाच्या मोटेलमध्ये चालत. मार्टिन ल्यूथर किंग तिथेच उतरले होते. शाळकरी मुलांवर कुत्रे सोडलेले आणि पाण्याचे फवारे मारलेले जगाने पाहिले. १० मे रोजी समझोता झाला, त्यात लंच काउंटर सर्वांना खुले करण्याचं कलम होतं. दुसऱ्याच रात्री त्या मोटेलमध्ये बॉम्बस्फोट झाला. भिंतीचा नियम त्याच उन्हाळ्यात रद्द झाला.

पुढच्या वर्षी केंद्राचा नागरी हक्क कायदा आला आणि त्याला आव्हान गेलं ते इथल्याच एका बार्बेक्यूच्या हॉटेलातून. १९२६ पासून चाललेल्या ‘ऑलीज बार्बेक्यू’त २२० माणसं बसू शकत, पण कृष्णवर्णीयांना फक्त पार्सल मिळे. ३६ कामगारांपैकी दोन तृतीयांश मात्र कृष्णवर्णीयच होते. आपला धंदा स्थानिक आहे, त्यात केंद्राचा काय संबंध, असं मालकांचं म्हणणं होतं. कोर्टाने मांसाचा हिशेब काढला. वर्षभरात त्यांनी सुमारे दीड लाख डॉलरचा शिधा घेतला होता आणि त्यातलं ६९,६८३ डॉलरचं मांस राज्याबाहेरून आलेलं होतं. म्हणजे हा आंतरराज्य व्यापार झाला आणि त्यावर काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, अधिकार चालतो. १४ डिसेंबर १९६४ रोजी सुप्रीम कोर्टाने एकमताने तसा निकाल दिला. अमेरिकेतल्या कुठल्याही हॉटेलात आज कोणीही खुर्ची ओढून बसतो, त्यामागे एका खाणावळीच्या मांसाची ती बिलं आहेत.

त्यानंतर भट्ट्या विझत गेल्या, वस्ती घटली आणि युनिव्हर्सिटी व हॉस्पिटलं ही शहराची नवी पोटापाण्याची सोय झाली. १९८२ मध्ये फ्रँक स्टिट यांनी ‘हायलँड्स बार अँड ग्रिल’ उघडलं. फ्रान्समध्ये घेतलेलं शिक्षण त्यांनी अलाबामाच्या मक्याच्या भरडीला आणि भेंडीला लावलं. २०१८ मध्ये त्याला देशातल्या सर्वोत्तम रेस्टॉरंटचा जेम्स बिअर्ड पुरस्कार, म्हणजे अमेरिकेतल्या हॉटेलांसाठीचा मोठा मान, मिळाला. त्याच रात्री तिथल्या डोलेस्टर माइल्स यांना देशातल्या सर्वोत्तम पेस्ट्री शेफचा पुरस्कार मिळाला. भिंतीचा नियम रद्द झाला तेव्हा ही बेसेमरची मुलगी जेमतेम सहा वर्षांची होती. नारळ आणि पेकानचा तिचा केक खायला माणसं लांबून येत, आणि या वेळी नाव तिचंच घेतलं गेलं. हायलँड्स २०२० च्या महामारीत बंद झालं.

आता जायचंच असेल तर होमवूड या उपनगरातल्या ‘जॉनीज’पासून सुरुवात करा. २०१२ मध्ये ते काढणारे टिमोथी हॉन्ट्झस ग्रीक वंशाचेच आहेत आणि आपल्या जेवणाला ‘ग्रीक अँड थ्री’ म्हणतात. ताटात केफ्तेदेस, म्हणजे ग्रीक खिम्याचे गोळे, आणि त्यांना लागून दक्षिणेच्या तीन भाज्या. दुपारी रांग असते, लवकर निघा.