चरित्र अभिनेता म्हणजे ‘हिरो न झालेला’ नट?

‘नायक म्हणून चालला नाही की नट चरित्र अभिनेता होतो’, हा मजकूर आमच्या सांगलीच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण पोस्टरवर नायकच मोठा दिसतो.

आधी शब्द बघू. इथलं ‘चरित्र’ म्हणजे जीवनचरित्र नव्हे. हिंदीतून आलेलं, ‘पात्र’ या अर्थाचं. बाप, सावकार, पाटील, वकील उभे करणारा तो चरित्र अभिनेता. काही नायक वय झाल्यावर इकडे वळतात, हे खरंच. पण पुष्कळजण पहिल्या दिवसापासून याच कामाला आलेले असतात. ही वाटणी जुनी आहे. १८४३ साली सांगलीत पहिलं मानलं जाणारं मराठी नाटक झालं, त्या परंपरेत देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी, म्हणजे देवांची, राक्षसांची, स्त्रियांची कामं करणाऱ्या नटांचे वेगवेगळे गट असायचे. राक्षस करणारा काही रामाच्या कामात नापास झालेला नसे. त्याला आरोळी ठोकायला तसा दणदणीत गळाच लागे.

पडताळायचंय? आवडत्या नटाचे सर्वांत जुने तीन-चार चित्रपट काढा, श्रेयनामावलीत नाव शोधा, त्याचं तेव्हाचं वय मोजा. पंचविशीतच पांढऱ्या मिशा लावून बाप झालेला सापडला, तर नायकपद हुकलं कधी? मी बघितलं तेव्हा मिशीचा एक कोपराही सुटलेला दिसला.