मेरिलिनच्या हातातलं ‘युलिसिस’

पट्ट्यापट्ट्यांच्या स्विमसूटमधली मेरिलिन मन्रो जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ही अवघड म्हणून गाजलेली कादंबरी वाचतेय, हा फोटो फिरला की ठरलेला शेरा येतोच: ‘पुस्तक फोटोग्राफरनं हातात कोंबलं असणार!’ तसं नाही. १९५५ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर मुलांच्या खेळाच्या मैदानात फोटोग्राफर ईव्ह अर्नल्ड कॅमेऱ्यात रोल भरत होत्या. तेवढ्यात मेरिलिन स्वतःचंच पुस्तक काढून वाचत बसली. ते तिच्या गाडीत असायचं. अर्नल्ड यांनीच पुढे सांगितलंय: अवघड जायचं म्हणून ती मोठ्यानं, तुकड्यातुकड्यानं वाचायची. (जॉइस सोपा गेलाय कुणाला?) फोटो मोठा करून बघा, वाचून झालेल्या पानांचा गठ्ठा जाडजूड आहे, उरलीत ती मोजकीच. १९९९ साली तिच्या वस्तूंचा लिलाव झाला, त्यात चारशेच्या आसपास पुस्तकं निघाली.