काइपिरीन्या आणि मोहितो: लिंबू दोन्हीत, पण सालीचा मान एकातच

लिंबू, साखर, बर्फ आणि उसाची दारू एवढं वाचलं की काइपिरीन्या म्हणजे बिनपुदिन्याचा मोहितो, असा समज होतो. पण ब्राझीलच्या काइपिरीन्यात लिंबू सालीसकट चेचलं जातं आणि फोडी ग्लासातच राहतात. क्यूबाच्या मोहितोत जातो फक्त रस. म्हणून एकाची रीत दुसऱ्याला लावली की पेय बिघडतं.

दारूही वेगळी. मोहितोतली रम बहुधा मळीची असते, तर काइपिरीन्यातली काशासा ही ब्राझीलची दारू ताज्या उसाच्या रसाची, किंचित हिरवट वासाची. ब्राझीलच्या कायद्यानुसार तिच्यात अल्कोहोल ३८ ते ४८ टक्के असतं.

काइपिरीन्यासाठी ब्राझीलमध्ये बिनबियांचं, मोठं ताहिती लिंबू वापरतात. आपली कागदी लिंबं असतील तर दोन घ्या आणि बिया काढा. दोन्ही टोकं उडवा, उभे दोन भाग करा आणि मधला पांढरा दोरा सुरीने तिरका कापून काढा. कडवटपणा मुख्यतः या पांढऱ्या भागातूनच येतो, त्यामुळे इथे आळस नको. फोडी जाड बुडाच्या बुटक्या ग्लासात, गराची बाजू वर करून टाका. त्यावर चार छोटे चमचे साखर. लाकडी दांड्याने पाच-सहा वेळा दाबा, दाबताना थोडं फिरवा. साखरेचे दाणे सालीवर घासले की सालीतलं तेल सुटतं आणि काइपिरीन्याचा खरा सुगंध तोच. पाक वापरला तर ही घासणी होत नाही. रस सुटला की थांबा. सालीच्या चिंध्या होईपर्यंत कुटलं तर पेय कडू होतं.

साखर बर्फाआधीच रसात ढवळून घ्या, थंडाव्यात ती विरघळत नाही आणि तळाशी बसते. मग ग्लास बर्फाने भरा, ६० मिली काशासा ओता आणि तळापासून वर ढवळा. सोडा अजिबात नाही. पाणी मिळतं ते बर्फाचंच, म्हणून बर्फाचे मोठे तुकडे बरे. चुरा भराभर वितळून पेय पाणचट करतो. गाळूही नका. मात्र करून ठेवू नका, साल मुरत राहते आणि कडवटपणा वाढत जातो.

मोहितोला उंच ग्लास, पुदिन्याच्या सहा काड्या, दोन छोटे चमचे साखर, २० मिली रस. इथे हात हलका हवा: पुदिना नुसता दाबायचा. चटणीसारखा वाटला तर गवताची कडसर चव येते आणि पानांचे कण दातांत अडकतात. मग ४५ मिली पांढरी रम, बर्फ आणि वरून सोडा.

काशासा मिळाली नाही तर व्होडका चालते, पण मग त्या पेयाला काइपिरोस्का म्हणतात. पांढरी रम घातली तर काइपिरिसिमा. गोव्याची काजूफेणी घालायची इच्छा होते खरी, आणि काजूही पोर्तुगीजांनी ब्राझीलहूनच आणला. पण फेणीचा उग्र वास लिंबाच्या सालीला दाबून टाकतो, तेव्हा ४५ मिलीवर थांबा.