पार्श्वभूमी : फॉर्म्युल्यातला डॉलर आणि तपासणीचा गुंता

एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये फॉर्म्युला खाली ओढला की त्यातला कोणता पत्ता (बी१ सारखे सेलचे, म्हणजे चौकटीचे, नाव) सरकणार आणि कोणता जागेवर राहणार, हे आज $ ठरवतो. पहिल्या स्प्रेडशीटमध्ये हे चिन्ह नव्हते. १९७९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी आलेल्या व्हिसिकॅल्कमध्ये (६३ कॉलम, २५४ ओळी) फॉर्म्युला दुसरीकडे उतरवताना प्रोग्रॅम प्रत्येक पत्त्यापाशी थांबून विचारायचा : ‘एन’ म्हणजे बदल नको, ‘आर’ म्हणजे जागेप्रमाणे सरकव. तीन पत्ते असतील तर तीन उत्तरे. ती उत्तरे फॉर्म्युल्यात कुठेही नोंदली जात नसत. त्यामुळे दुसऱ्याची शीट तपासणाऱ्याला, उदाहरणार्थ कराच्या दराचा पत्ता मुद्दाम एकाच सेलवर ठेवला होता की योगायोगाने तिथे राहिला, हे कळायला मार्ग नव्हता.

१९८३ च्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटने हा निर्णय कॉपी करण्याच्या क्षणातून काढून फॉर्म्युल्यातच आणला. बी१ च्या अक्षराआधी आणि आकड्याआधी $ लावा, $बी$१ झाले. आपल्याकडे नव्वदच्या दशकातल्या संगणक वर्गांत वर्डस्टार (मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम) आणि डीबेस (नोंदी ठेवण्याचा) यांच्या जोडीने लोटस शिकवले जाई. फॉर्म्युला बरोबरच्या चिन्हाऐवजी + ने सुरू करायची जुन्या हिशेबनिसांची सवय त्याच वळणाची. एक्सेल ते निमूट स्वीकारते; शीटमध्ये =+सी५ असे दिसले की लिहिणाऱ्याचे वय साधारण कळते.

डॉलर विसरला की काय होते, ते एका बिलाच्या शीटवर पाहू. बी१ मध्ये जीएसटी १८ टक्के, बी२ रिकामा, बी३ मध्ये बिलाची तारीख, बी४ मध्ये ‘नग’ हे शीर्षक, बी५ पासून खाली नगांची संख्या आणि सी५ पासून रक्कम. डी५ मध्ये =सी५*बी१ लिहिले आणि खाली ओढले. डी५ बरोबर. डी६ मध्ये बी२ आला, म्हणून शून्य. डी७ मध्ये तारीख आली; १५ मार्च २०२३ ही तारीख एक्सेलच्या लेखी ४५,००० हा आकडा, म्हणजे हजार रुपयांवर साडेचार कोटींचा कर. डी८ मध्ये शीर्षकाशी गुणाकार, म्हणून व्हॅल्यूची एरर. इथवरचे सगळे डोळ्यांत भरते. घात डी९ करतो, कारण तिथे बी५ मधल्या नगांशी गुणाकार होतो आणि उत्तर एखाद्या खऱ्या रकमेसारखेच दिसते.

हे टाळायला एफ४ दाबतात (काही लॅपटॉपवर एफएनसकट). पहिल्यांदा दाबल्यावर $बी$१, मग बी$१, मग $बी१, मग पुन्हा बी१. याला ऑफिसात सर्रास ‘सेल लॉक करणे’ म्हणतात, आणि या एका शब्दाने बराच घोळ घातला आहे. ‘लॉक’ हा शब्द एक्सेलमध्ये वेगळ्याच गोष्टीसाठी आहे : फॉरमॅट सेल्समधल्या प्रोटेक्शनच्या पानावर प्रत्येक सेल मुळातच लॉक्ड असतो, पण शीट प्रोटेक्ट करेपर्यंत ‘लॉक्ड’पुढच्या त्या टिक-खुणेचा काही परिणाम होत नाही. डॉलर लावलेल्या सेलमधला दर कोणीही खुशाल बदलू शकतो. शिवाय डॉलर पत्त्यालाही खिळवत नाही. वर एक ओळ घातली की $बी$१ आपोआप $बी$२ होतो. दराचा सेल कट करून दुसरीकडे पेस्ट केला तरी फॉर्म्युला त्याच्या मागे जातो. डॉलरचे काम एवढेच, की कॉपी होताना सरकू नको. आमच्या मते ‘लॉक’ऐवजी ‘डॉलर लावणे’ हाच शब्द बरा. निदान तो खोटे आश्वासन देत नाही.

लोटसच्या एक वर्ष आधी, १९८२ मध्ये, मल्टिप्लॅन हे स्प्रेडशीट दुसऱ्याच वाटेने गेले होते. तिथे पत्ता ओळ आणि कॉलम या दोन्हींच्या आकड्यांनी, म्हणजे आर१सी१ पद्धतीने (आर म्हणजे रो, सी म्हणजे कॉलम) लिहीत. चौकोनी कंस असेल तर ‘इथून इतके अंतर’, नसेल तर ठाम जागा. (व्हिसिकॅल्कमधला ‘आर’ सरकण्याचा, मल्टिप्लॅनमधला ओळीचा.) मल्टिप्लॅन ज्या मायक्रोसॉफ्टचे, तिनेच १९८५ मध्ये एक्सेल आणले, पण दर्शनी पद्धत ठेवली ए१ हीच (कॉलमला अक्षर, ओळीला आकडा). आर१सी१ पर्यायात गेली आणि आजही तिथेच आहे. बाजाराच्या हिशेबाने ते समजण्यासारखे होते. बी१ म्हणायला सोपे, फोनवर सांगायलाही सोपे. तपासणीच्या हिशेबाने मात्र तो तोट्याचा सौदा होता.

कारण बरोबर ओढलेला फॉर्म्युला ए१ पद्धतीत प्रत्येक ओळीत वेगळा दिसतो. पाचशे ओळी म्हणजे पाचशे वेगळे मजकूर. आर१सी१ मध्ये तो पाचशेही ओळींत अक्षरशः एकच असतो. वरचा चुकलेला फॉर्म्युला तिथे =आरसी[-१]*आर[-४]सी[-२] असा दिसतो. ‘दर चार ओळी वर आहे’ हे वाचताच खटकते. तिथे कंसाविना आर१सी२ हवे होते. फाइल, ऑप्शन्स, फॉर्म्युलाज इथे जाऊन आर१सी१ रेफरन्स स्टाइलला टिक करा, तपासणी झाली की काढा. फॉर्म्युले तेच राहतात, फक्त दिसणे बदलते.

एक्सेलच्या २००२ च्या आवृत्तीत चूक सुचवणारा, सेलच्या कोपऱ्यातला हिरवा त्रिकोण आणि फॉर्म्युला टप्प्याटप्प्याने सोडवून दाखवणारी सोय आली. त्रिकोण शेजारच्या फॉर्म्युल्यांशी विसंगती शोधतो. त्यामुळे पहिल्या ओळीपासून सगळेच सारखे चुकले असतील, जसे वरच्या बिलात, तर विसंगतीचा त्रिकोण येत नाही. मध्येच कोणी फॉर्म्युल्यावर आकडा टाइप केला असेल तर कॉलम निवडून, योग्य फॉर्म्युल्याचा सेल सर्वांत वर ठेवून, गो टू स्पेशलमध्ये कॉलम डिफरन्सेस घ्यावे; वेगळे सेल तेवढे निवडले जातात.

रेंज (फॉर्म्युल्यात घेतलेली सेलांची पट्टी) अपुरी पडण्याची चूक याही चाळणीतून निसटते. सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा २०१० चा एक गाजलेला शोधनिबंध २०१३ मध्ये तपासला गेला, तेव्हा सरासरीचा फॉर्म्युला ३० ते ४९ ओळींऐवजी ३० ते ४४ वरच थांबलेला आढळला. पाच देश गळले होते. निबंधावरच्या आक्षेपांत ही एकच बाब नव्हती, पण चर्चा तिचीच जास्त झाली. अशा जागी एफ२ दाबून रंगीत चौकट कुठे संपते ते पाहणे, याहून भरवशाचा उपाय नाही.

२००७ नंतरच्या टेबलांमध्ये पत्त्याऐवजी कॉलमचे नावच फॉर्म्युल्यात येते आणि डॉलरची गरज बरीच कमी होते. त्याच्या जागी आता @ ने गोंधळ घातला आहे. लोटसमध्ये ते फंक्शनच्या आधी लागायचे, टेबलात ‘याच ओळीतले’ या अर्थाने आले, आणि एक फॉर्म्युला अनेक सेल भरू लागल्यापासून जुन्या फायली नव्या एक्सेलमध्ये उघडल्यावर काही फॉर्म्युल्यांत आपणहून उगवते. तिथे त्याचा अर्थ असतो ‘जुन्यासारखे एकच उत्तर दे’. नको म्हणून ते खोडले, की उत्तर खालच्या सेलांत पसरायला बघते, आणि तिथे आधीच काही लिहिलेले असेल तर स्पिलची एरर येते.